शनिवारचा थेंब

उरानिया वन्संचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले चणे निवडत होते. मोठ्या उपासाचा दुसरा आठवडा होता. वन्सं चाळीस वर्षं मेलबर्नला असतात. फोनवर त्या मोठ्याने बोलतात, मधले सगळे समुद्र स्वतःच्या आवाजाने ओलांडायचे असल्यासारख्या.

"एव्दोकिया, तिकीट काढलंय. पुढच्या शनिवारी सकाळच्या बोटीने उतरते. ईस्टर तिथेच करणार, आणि नंतर नातीचा बाप्तिस्माही आपल्याच चर्चमध्ये."

"या या वन्सं. खोली झाडून ठेवते."

"खोलीचं राहू दे. ऐक. बाळाला गुंडाळायचं तेलाचं कापड मी स्वतः शिवणार. आईच्या मशीनवर. कापड इथून आणतेय. मशीन चालतंय ना?"

"चालतंय," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. मशीन अकरा वर्षं चाललं नव्हतं.

ते माझं नव्हेच. सासूबाईंनी तीन हिवाळे दुसऱ्यांच्या बागेत ऑलिव्ह वेचून ते घेतलं होतं. काळं, जर्मन बनावटीचं, अंगावर सोनेरी वेल. गावातल्या निम्म्या मुलांचे शाळेचे डगले त्यावर शिवले गेले. डोळे मिटण्याआधी त्यांनी ते लेकीला दिलं, पण वन्संना जहाजावर दोन ट्रंकांपेक्षा जास्त नेता येईना. निघायच्या सकाळी वन्संनी माझा हात धरून मशीनच्या चाकावर ठेवला. "दर शनिवारी चाक फिरव आणि एक एक थेंब तेल घाल. मी येईपर्यंत एवढंच कर." मी एकवीस वर्षांची, नवी सून. कुणी विश्वासाने काही सोपवायची ती पहिलीच वेळ. मी ते व्रतासारखं धरलं.

माझे नेम फार मोठे नाहीत. पहाटे प्रार्थना, संध्याकाळी देवमातेच्या तसबिरीपुढचा दिवा, आणि लोकरीच्या शंभर गाठींच्या माळेवर शंभर वेळा एकच वाक्य. बुधवार-शुक्रवार उपास. मोठ्या उपासाच्या सात आठवड्यांत शनिवार-रविवार सोडून तेल तोंडात घालायचं नाही. त्यात शनिवारी मशीनचं तेल एवढीच भर पडली. कोंबडीचं पीस घ्यायचं, टोकावर थेंब, आणि मशीनच्या अंगावरच्या भोकांत एकेक.

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान मान्थोस गेले, वन्संचा पाठचा भाऊ. त्या आठवड्यात मी त्याच मशीनवर माझे काळे कपडे शिवले. मग वर्षभर घरात रेडिओ लावला नाही, मशीनचा आवाजही होऊ दिला नाही. थेंब मात्र चुकवला नाही. वर्ष सरल्यावर चाकाला हात लावला, तर भिंत ढकलावी तसं झालं. त्या रविवारी वन्संचा फोन आला. "मशीन कसंय?" भावाच्या वर्षश्राद्धाला येता आलं नाही म्हणून त्या आधीच रडत होत्या. मी म्हटलं, चालतंय. पुढच्या वेळीही तेच म्हटलं. दरवर्षी ईस्टरआधी मी पाद्रीबाबांपुढे कबुली द्यायला उभी राहते, उपासात चुकून चाखलेल्या दुधाचंही सांगते. हे कधी सांगितलं नाही. इतकं लहान होतं, की सांगायची लाज वाटायची. आणि न सांगता ते दरवर्षी थोडं थोडं वाढत होतं.

चणे तसेच ठेवून मी बंदरावर आनेस्तिस भाऊजींकडे गेले.

आनेस्तिस बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. मान्थोसचे लहानपणापासूनचे मित्र. देवाधर्माशी त्यांचं जमत नाही, चर्चमध्ये फक्त लग्नाला आणि मयताला येतात, तेही अंगणात उभे राहतात. त्या वेळी ते उलट्या टोपलीवर बसून भाजलेला मासा खात होते. मला पाहून त्यांनी ताटली पुढे केली.

"घ्या वहिनी, सार्डिन."

"उपास आहे भाऊजी."

"माहीत आहे म्हणूनच विचारतो. जो नाही म्हणणार त्यालाच विचारावं, मासा वाचतो."

मी सगळं सांगितलं. म्हणजे मशीन अडकलंय आणि वन्सं येताहेत, एवढंच सांगितलं. ते खाता खाता थांबले.

"उरानिया येतेय? आणि तिला काय सांगितलंयत?"

मी ताटलीतल्या माशाकडे बघितलं.

"अच्छा," ते म्हणाले, आणि बोटं पुसली. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ते पत्र्याची पेटी घेऊन आले, आणि काखेत बायकोचा हेअर ड्रायर. आधी चाकावरचा चामड्याचा पट्टा काढला, मग खालचं बॉबिनचं शटल उघडून पकडीने आतून दोऱ्याचा बोळा ओढला. काळा दोरा. मी शेवटचं शिवलं होतं त्यातला.

"हा होता का अडसर?" मी आशेने विचारलं.

"ह्याने एवढं अडकत नाही." त्यांनी चाकावर हात ठेवला, जरासा जोर दिला, सोडून दिला. मग सुईच्या बाजूचा पत्रा पेचकसाने काढला आणि आत बॅटरी मारली. सुईची दांडी तपकिरी झाली होती, मध ओतून वाळवल्यासारखी. त्यांनी नखाने खरवडलं. नख घसरलं. वास घेतला, पुन्हा घेतला.

"वहिनी, ह्यात काय घालत होतात?"

"तेल."

"कुठलं?"

"वन्संनी एक बाटली ठेवली होती. ती सहा-सात वर्षं पुरली. मग…" मी तसबिरीकडे पाहिलं. "मग दिव्यातलं."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग दिव्याकडे, मग मशीनकडे.

"ऑलिव्हचं?"

"आपल्याच झाडांचं. पहिल्या घाण्याचं. देवमातेपुढे आठवडाभर ठेवलेलं. म्हटलं, ह्याहून शुद्ध तेल कुठलं असणार?"

"किती वर्षं?"

"तीस आणि वर तीन."

"आणि अडकल्यावर? तेव्हा तरी थांबलात ना?"

"अडकल्यावर तर दोन दोन थेंब."

आनेस्तिस खुर्चीवर बसले आणि खांदे हलेपर्यंत हसले. मग माझा चेहरा बघून हसू गिळलं. "अहो, खायचं तेल हवेने आणि काळाने घट्ट होतं. वार्निश होतं त्याचं. तळणीच्या कढईला जो थर चढतो ना, तोच हा. तुम्ही स्वतः आठवडाभर बिनतेलाच्या राहिलात आणि ह्या बिचाऱ्याला तेहेतीस वर्षं पाजत बसलात!"

मला हसता आलं नाही. दहा वर्षं मला वाटत होतं, मी चाक फिरवायचं सोडलं म्हणून ते रुसलं. थेंबावर माझा भरवसा होता. जो नेम मी एकदाही चुकवला नव्हता, तापात नाही, मान्थोसच्या मयताच्या आठवड्यात नाही, त्याच नेमाने मशीन चिकटवलं होतं. दर शनिवारी, प्रार्थना म्हणत.

"सुटेल का?"

"मोठा पाना लावला तर आत्ता सुटेल. आणि आतलं काहीतरी मोडेल. हे जोराचं काम नाही. रॉकेल घालायचं, गरम करायचं, थांबायचं. चाक केसभर पुढे, केसभर मागे. मोजून, रोज, कंटाळा न करता." त्यांनी पेचकस पेटीत टाकला. "म्हणजे माझ्यासारख्याचं काम नाही. तुमच्यासारखीचं आहे."

त्यांनी मला सगळी भोकं दाखवली, मला ठाऊक नसलेलीही चार. जिथे लोखंडावर लोखंड सरकतं तिथे प्रत्येक जागी रॉकेल. मग ड्रायरची गरम हवा, तीही लांबून, नाहीतर सोनेरी वेल उडेल. आणि धीर. निघताना त्यांनी पुसून तपकिरी, चिकट झालेल्या चिंध्या गोळा केल्या आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"तिथे नको भाऊजी!"

"का? काय झालं?"

"दिव्यातलं तेल आहे त्यात. कचऱ्यात टाकत नाहीत. जाळायचं, आणि राख कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी."

"म्हणजे माझं रॉकेलसुद्धा पवित्र झालं?"

"झालंच."

"बायकोला सांगतो. ती म्हणते आपल्या घरात पवित्र असं काही येतच नाही." पण त्यांनी चिंध्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात पेटवल्या, आणि राख लिंबाच्या बुंध्याशी टाकताना डोक्यावरची टोपी काढली. उकडत होतं म्हणून, असं ते नंतर म्हणाले.

त्या दिवसापासून माझा दिवस मशीनभोवती फिरू लागला. सकाळच्या प्रार्थनेनंतर रॉकेल, मग ड्रायर, मग माळ. डाव्या हातात माळ, उजवा हात चाकावर. एक गाठ, एक वाक्य, चाक पुढे ढकलायचं. दुसरी गाठ, तेच वाक्य, मागे ओढायचं. पहिले दोन दिवस चाक हललं नाही, माझाच तळवा लाल झाला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "एव्दोकिया, घरात बोट दुरुस्त करतेयस का? गल्लीभर रॉकेलचा वास येतोय." मी म्हटलं, तसंच काहीसं.

सोमवारी चाक हललं. किती? मी चाकावर खडूची रेघ मारली होती. ती रेघ गव्हाच्या दाण्याएवढी सरकली आणि परत आली. मला कुणाला तरी सांगायचं होतं. घरात तसबीरच होती. तिला सांगितलं.

मंगळवारी दोन दाणे. बुधवारी बोटभर. दर वेळी रॉकेल तपकिरी होऊन खाली ओघळायचं आणि मी ते पुसून घ्यायची. मला वाटायचं, हे एकेक शनिवार बाहेर येताहेत. ज्या शनिवारी पाऊस होता तो, ज्या शनिवारी माझा मुलगा सैन्यात गेला तो. मी चांगल्या मनानेच घातले होते. पण चांगल्या मनाने घातलं म्हणून लोखंडाला ते चालत नाही. लोखंडाला त्याचं तेल लागतं. हे मला कुणाला तरी विचारता आलं असतं. बंदर दहा मिनिटांवर होतं. मी विचारलं नाही, कारण मला खात्री होती.

गुरुवारी दुपारी, माळेची साठावी की एकसष्टावी गाठ होती, चाक पुढे गेलं आणि थांबलं नाही. पूर्ण फेरा. सुई खाली गेली, वर आली. मी घाबरून हात काढला. मग पुन्हा लावला. पुन्हा फेरा.

आनेस्तिस संध्याकाळी आले. सगळं पुसून त्यांनी मशीनचं खरं तेल घातलं, पाण्यासारखं पातळ, बिनवासाचं. नवा पट्टा बसवला. पायडलवर पाय ठेवून म्हणाले, "ऐका." खोलीत तो आवाज आला. अकरा वर्षांनी. मला मान्थोसची आठवण झाली. मशीन चालू असलं की ते भिंतीपलीकडून ओरडायचे, जेवायला मिळणार आहे का आज.

"झालं," आनेस्तिस म्हणाले. "आता उरानियाला काही सांगायची गरज नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही म्हणालात चालतंय, आणि चालतंय. खोटं होतं ते खरं झालं. तिची तब्येत तोळामासा, एवढा प्रवास करून येणार. कशाला?"

मी त्यांना हलव्याची वडी आणि कॉफी दिली. ते गेल्यावर दिवा लावला. त्यांचं बोलणं मला गोड वाटलं होतं, हे मी लपवत नाही. शुक्रवारभर ते तोंडात घोळवलं, उपासात मिठाईचा विचार घोळवावा तसं. सांगितलं नाही तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण मशीन सुटलं होतं तरी मी सुटले नव्हते. तेल जसं आतल्या आत घट्ट होत जातं, तसं माझ्या त्या एका शब्दाचं झालं होतं, आणि त्याच्यावर आता दुसरा थर चढवायचा, एवढाच प्रश्न होता.

शनिवारी वन्सं उतरल्या. गुडघ्यांनी वाकलेल्या, चष्म्याची काच जाड, पण चाल तीच, पुढच्याला ढकलत जाणारी. घरात आल्यावर त्यांनी बॅग ठेवली नाही. सरळ मशीनपाशी गेल्या आणि त्यावरच्या कापडाला हात घातला.

"वन्सं, थांबा. आधी माझं ऐका."

आणि मी सांगितलं. दिव्यातल्या तेलापासून चाकाच्या गव्हाच्या दाण्यापर्यंत सगळं. अकरा वर्षांचंही. उभ्यानेच सांगितलं.

वन्सं खुर्चीवर बसल्या. बॅगेची कडी उघडली, लावली.

"तेलाचं जाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या. "तू तशीच आहेस. तू विहिरीतही दिव्यातलं तेल घातलं असतंस. पण 'चालतंय' असं का म्हणालीस?"

"तुम्ही रडत होतात वन्सं."

"मी रडत होते म्हणून? अगं, तिकडे शनिवारी मी काम करता करता थांबायची. म्हणायची, आता एव्दोकिया चाक फिरवत असेल. आईच्या घरात मशीन वाजतंय. मान्थोस गेला, आई गेली, पण तेवढं वाजतंय. अकरा वर्षं मी कशाकडे कान लावून बसले होते?"

मी मशीनवरचं कापड सरळ केलं.

"तुझ्या 'चालतंय'वर आता मी विश्वास ठेवणार नाही," त्या म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही दोघी गेलो, पण त्या पुढे, मी मागे.

रविवारी आमच्याकडे कुणी सुई हातात धरत नाही. मशीन झाकलेलं राहिलं. वन्संनी मीठ मागितलं आणि पाणी मागितलं. आनेस्तिस डोकावले, दोघींचे चेहरे बघितले, "मी नंतर येतो," म्हणाले आणि जिना उतरताना पुटपुटले, "सांगितलंच म्हणजे."

सोमवारी सकाळी मी प्रार्थनेतून उठले तर वन्सं मशीनपाशी बसल्या होत्या. मांडीवर पांढरं कापड. बाळाला तेल लावून पाण्यातून काढलं की ह्यातच घेतात.

"सुईत दोरा ओव," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."

मी ओवला. त्यांनी आधी एका चिंधीवर चार बोटं शिवून पाहिली, मान हलवली, मग पांढरं कापड सुईखाली सरकवलं. पायडल हलवताना गुडघा दुखत होता, ते मला कळत होतं, पण त्यांनी पायडल दुसऱ्या कुणाला दिलं नाही. एक बाजू झाली. दुसरी झाली. तिसऱ्या बाजूच्या मध्यावर सुईच्या दांडीवरून एक थेंब ओघळला आणि कापडावर पडला. तपकिरी, मोहरीएवढा. आत कुठेतरी राहिला होता.

"अरे देवा," मी पुढे झाले. "वन्सं, काढते मी, साबणाने लगेच…"

त्यांनी माझा हात अडवला. चष्मा वर करून थेंब डोळ्यांजवळ नेला. वास घेतला.

"दिव्यातलंच ना हे?"

"हो."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तेलाचंच कापड आहे." आणि त्यावरूनच शिवण पुढे नेली.

ईस्टरनंतर बाळाला घेऊन त्याचे आईवडील आले, बाप्तिस्मा झाला. बाळ तेलाने माखलेलं, ओरडत, त्याच कापडात गुंडाळलं गेलं. आनेस्तिस चर्चच्या अंगणात उभे होते. मे महिन्यात वन्संना मी बोटीवर सोडायला गेले. शिडीपाशी त्या थांबल्या.

"शनिवारी फोन करीन. तुमची सकाळ, आमची संध्याकाळ. तू काही सांगू नकोस. ऐकव."

पुढच्या शनिवारी फोन वाजला. नवं तेल घालून झालं होतं; आनेस्तिसनी वर्षभराची बाटली आणून ठेवली आहे, आणि दिव्यातलं आता दिव्यातच असतं. मी रिसीव्हर मशीनच्या फळीवर ठेवला, स्टुलावर बसले आणि पायडल चालवलं. किती वेळ ते मोजलं नाही. मग रिसीव्हर कानाला लावला.

"जरा हळू चालव," वन्सं म्हणाल्या. "तुला नेहमीचीच घाई."